समजुतीची माती

फळ न देणाऱ्या झाडाला सान हुआन या संताच्या दिवशी मारायचे असते, आणि शेंड्याला ऊन लागायच्या आत मारायचे असते. मोंतिएलांच्या बागेत हे काम दोघे करतात. एक जण कोयता घेऊन झाडासमोर उभा राहतो आणि विचारतो, पाडू का याला? दुसरा मध्ये पडतो: नको, पुढच्या वर्षी फळ देईल, मी जामीन. मग कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर तीन फटके बसतात. पुरुष बाजूला होतात आणि बायका झाडाची समजूत काढतात. बुंध्याशी ताजी माती आणि शेणखत चढवायचे, बादलीभर पाणी ओतायचे, दोन गोड शब्द बोलायचे.

नियम दोनच. जामीन राहणाऱ्याची स्वतःची झाडे बागेत असली पाहिजेत, कारण फळ आले नाही तर त्याने आपल्या झाडांची दोन पोती संत्री घरात आणून टाकायची असतात. आणि एका झाडाला एका माणसाने तीनदाच जामीन राहायचे. पुढे दुसरा कोणी मिळाला नाही, तर कुऱ्हाड.

त्या वर्षी चोवीस जून गुरुवारी आला. थोरल्या झाडाला क्रिसांतो लागोपाठ तीन वर्षे जामीन राहिला होता, आणि तिन्ही वर्षे त्याला दोन-दोन पोती टाकावी लागली होती. झाडाची फळे लिंबाएवढी झाली की गळून पडत. बागेत स्वतःची झाडे असलेला दुसरा माणूस एकच होता, फिदेन्सियो. आणि कोयता धरणारा तोच होता.

ओब्दुलिया पहाटे पावणेपाचला उठली. तिने कॉफी उकळत ठेवली, तिच्यात गुळाचा खडा टाकला आणि मागच्या दाराशी तीन बादल्या भरून ठेवल्या, एक मातीची, एक खताची, एक पाण्याची. गेली एकेचाळीस वर्षे, म्हणजे आई गेल्यापासून, हे काम तिचे होते. इतर झाडांना फटके पडत तेव्हा थोरल्या झाडाला वाईट वाटत असणार, शेवटी सगळी त्याचीच लेकरे, असा तिचा हिशेब होता. म्हणून फटके पडोत न पडोत, थोरल्या झाडाची समजूत ती दर वर्षी काढायची, एकदा फुलोऱ्यात आणि एकदा सान हुआनला.

आजोबा बाल्दोमेरोंनी हे झाड स्वतःच्या हाताने कलम केले होते आणि बागेतली दोनशे चाळीस झाडे त्याच्याच फांद्यांवरच्या डोळ्यांपासून, कलमे करून वाढली होती. मरताना ते सांगून गेले, की थोरले झाड उभे आहे तोवर बागेच्या जमिनीची वाटणी नाही, झाडे मात्र ज्याने लावली त्याची, आणि त्याला सांभाळेल त्याचे घर. सांभाळायला ओब्दुलिया राहिली. लग्न केले नाही, एकोणसत्तर वर्षांची झाली, आणि झाडापासून वीस पावलांवरच्या दोन खोल्यांत तिला काही कमी पडले नाही. झाड पडले तर बाग धाकटा भाऊ फिदेन्सियो आणि मेहुणा क्रिसांतो यांच्या नावे वाटली जाणार होती, फिदेन्सियो आपल्या वाट्यात नवी लिंबे लावणार होता, आणि ओब्दुलियाने गावात त्याच्या घरी, मागच्या खोलीत जायचे होते. खोलीत पंखा होता, टीव्ही होता. तिची भावजय एर्मिला हिने पडदेसुद्धा शिवून तयार ठेवले होते.

सव्वापाचला मागचे फाटक वाजले. क्रिसांतो आला होता, धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन. मधली बहीण आम्पारो हिचा तो नवरा. आम्पारोला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

त्याने विचारले, यंदा मी काही करू शकतो का? ती म्हणाली, कॉफी पिऊ शकतोस. तो ओट्यावरच्या बाकावर बसला आणि दोघे फिदेन्सियोच्या गाडीची वाट पाहू लागले.

गाडीत मात्र बोलणे चालू होते. फिदेन्सियो चालवत होता, एर्मिला मांडीवर केळीच्या पानांत वाफवलेल्या मक्याच्या तामालेसची टोपली घेऊन बसली होती, आणि दोघांच्या मध्ये त्यांची मुलगी यारेली. तिच्या पायाशी एक छोटी फावडी, साल खरवडायची सुरी, खडू, ब्रश, मोरचुदाची पुडी, चुन्याची पिशवी आणि क्लोरीनची बाटली होती. हालापा शहरातल्या एका रोपवाटिकेत रोपांचे रोग ओळखण्याची तिची नोकरी होती, आणि बापाने सात वर्षांत एकदाही तिला स्वतःच्या झाडाबद्दल काही विचारले नव्हते.

तिने वडिलांना दुसऱ्यांदा सांगितले, की मे महिन्यात नेलेल्या पानांचा अहवाल आला आहे, थोरल्या झाडाला ग्रीनिंग नाही. फिदेन्सियोला भीती त्याचीच होती. पलीकडच्या खोऱ्यात त्या रोगाने बागाच्या बागा गेल्या होत्या, आणि त्याची पहिली ओळ थोरल्या झाडापासून चौदा पावलांवर सुरू होत होती. वर्षभर तो रोज सकाळी त्या ओळीची पाने उलटून बघत होता.

"ग्रीनिंग नाही, मग काय आहे?" त्याने विचारले.

"बुंधा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बुंधा दिसतच नाही, बाबा. झाड खांबासारखं सरळ जमिनीतून वर आलंय. कुठलंही झाड असं येत नाही."

"आजोबांचं झाड आहे. ते कुठल्याही झाडासारखं नसेल."

"मला अर्धा तास द्या."

"ऊन यायच्या आत उरकायचं असतं."

एर्मिला म्हणाली, "ढग बघितलेत का? आज ऊन येतंय होय. अहो, कुऱ्हाडीला अर्धा तास उशीर झाला म्हणून झाड काही पळून जाणार नाही."

फिदेन्सियोने बायकोकडे पाहिले. पडदे शिवणारी बाई आज कोणाच्या बाजूने बोलते आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. एर्मिलाला मात्र पडदे शिवताना एक गोष्ट नीट कळली होती. नणंद रोज पावणेपाचला उठते, उठली की भांडी घासते, आणि भांडी घासताना गाते.

ओट्यावर पोचताच फिदेन्सियोने बहिणीला आक्का म्हणून हाक मारली, तिच्या कपाळाला ओठ टेकवले, आणि क्रिसांतोकडे न पाहता एर्मिलाला म्हणाला, "त्या गृहस्थांना सांग, यारेलीला अर्धा तास हवाय."

क्रिसांतो दीड हातावर बसला होता. एर्मिला त्याच्याकडे वळली. "दाजी, पोरीला अर्धा तास हवाय. बसा निवांत, असं म्हणतायत."

एकोणीस वर्षे हे असेच चालले होते. बाल्दोमेरोंची कलमाची सुरी, हाडाच्या मुठीची, टोकाला एक टवका उडालेली, फिदेन्सियोने एका दिवसासाठी मेहुण्याला दिली होती. क्रिसांतो म्हणत होता, त्याच संध्याकाळी मी ती या बाकावर आणून ठेवली. फिदेन्सियो म्हणत होता, मला मिळालीच नाही. दोघांनीही एकमेकांना खोटारडा म्हटले, आणि त्यानंतर सान हुआनचा दिवस सोडून एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सान हुआनला बोलत ते झाडापुढचे ठरलेले शब्द. आधी आम्पारो निरोप पोचवायची. आता एर्मिला पोचवत होती, आणि पोचवताना निरोपातले खडे काढून टाकत होती.

यारेलीने फावडी हातात घेतली आणि आत्याकडे पाहिले. "आत्या, बुंध्याची माती काढावी लागेल."

"कुठली माती?"

"तू घातलेली."

ओब्दुलियाने मातीच्या बादलीवरचा हात काढला नाही. कोणी तिला शिवी दिली असती तर कदाचित इतके लागले नसते. ती शांतपणे म्हणाली, की ती माती नदीकाठची आहे, चाळून आणलेली आहे, आणि खतात एकही खडा नाही. यारेली म्हणाली, माती चांगलीच आहे. खराब माती असती तर झाडाने इतकी वर्षे सहन केली नसती.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि उकरू लागली. घाई न करता, बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला, मुळांना धक्का न लावता. पहिल्या दहा मिनिटांत अंड्यांची कवचे निघाली, कॉफीचा चोथा, एक कंगवा. मग एका बाहुलीचे डोके निघाले. यारेलीने ते तळहातावर घेतले.

"ही माझी आहे. सहा वर्षांची होते मी. तीन दिवस रडले होते हिच्यासाठी."

"झाडाला सोबत हवी होती त्या वर्षी," ओब्दुलिया म्हणाली. "तुला दुसरी आणून दिली की नाही?"

"दिलीस. पण तिचे डोळे मिटत नव्हते."

क्रिसांतो हसला. फिदेन्सियो हसता हसता थांबला, कारण क्रिसांतो हसत होता.

वीतभर खोलीवर साल ओलसर लागली. आणखी चार बोटे खाली सालीला फट होती आणि फटीतून पिवळसर तपकिरी डिंक ओघळून वाळला होता. आंबूस वास आला. यारेलीने फावडी बाजूला ठेवली, आता ती बोटांनी माती काढत होती. शेवटी बुंध्याभोवती एक जाड कडे दिसले, जणू झाडाने कमरेला पट्टा बांधला आहे. कड्याच्या खालची साल काळपट आणि खडबडीत होती, वरची गुळगुळीत.

"या, बघा सगळे," ती म्हणाली. "हा आजोबांनी केलेला सांधा. खाली आंबट संत्र्याचा खुंट, वर गोड संत्रं. खुंटाला मातीतली बुरशी काही करत नाही, म्हणून तर तो खाली ठेवतात. गोड संत्र्याच्या सालीला मातीचा ओलावा लागला की डिंक्या होतो. सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी पाहिजे. आजोबांनी ठेवला असणार. आता तो जमिनीखाली किती आहे बघा."

"किती?" ओब्दुलियाने विचारले.

एर्मिलाने पिशवीतून शिवणाचा टेप काढला. तो तिने नणंदेचे कपाट मागच्या खोलीत मावते का हे मोजायला आणला होता, पण ते या वेळी कोणी विचारले नाही. यारेलीने मोजले. अडतीस सेंटिमीटर.

ओब्दुलियाने मनात भागाकार केला. वर्षाला एक सेंटिमीटरसुद्धा नाही. इतके थोडे थोडे करून तिने ते कंबरेपर्यंत पुरले होते. तिच्या हातात खताची बादली होती. ती तिने खाली ठेवली, मग पायाने जरा लांब सरकवली.

"आणि आमचे फटके?" फिदेन्सियोने विचारले.

"तीन फटके म्हणजे सालीला तीन दारं. बाबा, तुम्ही दार उघडलंत आणि आत्यानं पाहुणे आत नेऊन बसवले."

त्याला हे उत्तर आवडले नाही. तरी दोष दोघांत वाटला गेला याचे त्याला किंचित बरे वाटले.

फिदेन्सियोने एक गोष्ट मुलीकडून आधीच वदवून घेतली होती. घेराच्या अर्ध्याहून जास्त साल मेलेली असेल तर झाड वाचवण्यात अर्थ नाही. ती म्हणाली होती, हो, असे पुस्तकात आहे आणि मलाही तसेच वाटते. त्यामुळे आता मोजणी तिने एकटीने करावी हे त्याला मान्य नव्हते.

यारेलीने आपल्या सुरीने कुजकी साल खरवडली. काळी, मग तपकिरी, मग जिथे पांढरट हिरवा रंग लागला तिथे थांबली आणि खडूने रेघ ओढली. दोन्ही बाजूंना रेघा झाल्यावर टेप बुंध्याभोवती फिरवला. टेप दीडशे सेंटिमीटरचा, बुंधा एकशे अठ्ठेचाळीसचा. एर्मिला म्हणाली, झाड आणखी जाडजूड असते तर माझी अब्रू गेली असती. अर्धे म्हणजे चौऱ्याहत्तर. मेलेली साल, यारेलीच्या मोजणीने, एकाहत्तर.

फिदेन्सियो गुडघ्यावर बसला आणि त्याने स्वतः मोजले. "बहात्तर."

क्रिसांतो उठला, टोपी बाकावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने वाकला. त्यालाही टेप धरता येत होता. "एर्मिला, त्यांना सांग सत्तर आहे. टेप ढिला धरलाय त्यांनी."

"एर्मिला, त्यांना सांग, खडूच्या रेघेच्या बाहेरून मोजायचं असतं."

"दोघांनाही मला एकच सांगायचंय," एर्मिला म्हणाली. "माझा टेप ताणू नका."

सत्तर धरा नाहीतर बहात्तर, यारेलीने सांगितले, अर्ध्याच्या आत आहे. पुढे काय करायचे तेही तिने सांगितले. माती पुन्हा चढवायची नाही. सांधा उघडा, वाऱ्यावर ठेवायचा. जखमेला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट, आज आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा. पाण्याचे आळे बुंध्यापासून दोन हात लांब. एका झाडाला लावलेली सुरी किंवा करवत दुसऱ्याला लावायच्या आधी क्लोरीनच्या पाण्यात बुडवायची. पुढच्या वर्षी थोडी फळे, त्याच्या पुढच्या वर्षी बऱ्यापैकी.

फिदेन्सियो उभा राहिला. त्याने हात पँटला पुसले. तो अडाणी नव्हता आणि दुष्टही नव्हता. मुलगी बरोबर बोलते आहे हे त्याला दिसत होते. पण त्याने नव्या लिंबांची तीनशे रोपे सांगून ठेवली होती, वर्षभर भीत भीत पाने उलटली होती, आणि आज सकाळी मन घट्ट करून कुऱ्हाडीला धार लावली होती. पुन्हा एक वर्ष थांबायची त्याच्यात ताकद नव्हती.

"झाड जगेल, मान्य," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण नियम फळाचा आहे, जगण्याचा नाही. जामीन कोण?"

क्रिसांतोचे तीन झाले होते. एर्मिला, यारेली, ओब्दुलिया, तिघींच्या नावावर एकही झाड नव्हते. ओब्दुलियाने भावाकडे पाहिले नाही. ती घराकडे बघत होती, दोन खोल्या, ओटा, बाक, चुलीतून येणारा धूर. तिने ठरवले होते, की मागायचे नाही. मागून मिळालेल्या घरात पावणेपाचला उठून गाता येत नाही.

यारेली पुन्हा बसली आणि खड्डा रुंद करायला घराकडच्या काठाची माती काढू लागली. तिथे फावडी कशावर तरी वाजली.

क्रिसांतोने ते आधी ओळखले. मातीच्या ढेकळातून हाडाची मूठ दिसली, पिवळी पडलेली. पाते गंजून अर्धे झाले होते, तरी टोकाचा टवका तसाच होता. एकोणीस वर्षे तो रोज हा टवका डोळ्यांपुढे आणत होता. त्या संध्याकाळी आपण सुरी खरेच बाकावर ठेवली, की ठेवली असे नुसते वाटते, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. आम्पारोने एकदाच विचारले होते, तू नक्की ठेवलीस ना? त्या प्रश्नावर तो दोन दिवस जेवला नव्हता.

सुरीच्या मुठीला नारिंगी नायलॉनच्या दोरीचा तुकडा गुंडाळलेला होता. खताच्या गोण्या ज्या दोरीने शिवलेल्या येतात, तीच दोरी. नायलॉनला एकोणीस वर्षांत काहीही झाले नव्हते.

सगळ्यांनी दोरीकडे पाहिले. मग हळूहळू, एकामागून एक, ओब्दुलियाकडे पाहिले. या घरात खताची गोणी दुसरे कोणी उघडत नसे.

"बाकावर काहीतरी पडलं होतं," ती म्हणाली. "मला गोणी उसवायची होती. हाताला लागलं ते घेतलं."

"आणि?" फिदेन्सियोने विचारले.

"आणि माती घालताना खाली ठेवलं असणार. त्याच्यावर माती पडली असणार."

"आक्का, मी तुला विचारलं होतं. या इथंच उभा राहून विचारलं होतं, सुरी पाहिलीस का?"

"तू विचारलंस आजोबांची सुरी पाहिलीस का. मी म्हटलं नाही. मी गोणी उसवली ती सुरी होती हे मला कुठं ठाऊक? मी काय चष्मा लावून गोण्या उसवते?"

फिदेन्सियो आणि क्रिसांतो, दोघांची नजर एकमेकांवर गेली, आणि कोणीही ठरवलेले नसताना, झाडाचे ठरलेले शब्द नसताना, फिदेन्सियो म्हणाला, "दाजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय," क्रिसांतो म्हणाला. "चष्मा नव्हता म्हणे."

"एकोणीस वर्षं."

"एकोणीस वर्षं आणि दोन महिने. एप्रिल होता. फुलं होती झाडावर."

"मी तुम्हाला काय काय बोललो होतो."

"मीही काही कमी बोललो नव्हतो. आईवरून बोललो होतो, आणि ती तर माझी सासू होती."

एर्मिलाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, मग टोपलीवरचे फडके सारखे केले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला पोचवायला काही उरले नव्हते. तिला मोकळे मोकळे वाटले, आणि थोडे रिकामेही.

यारेलीने सुरी बादलीतल्या पाण्यात धुतली आणि दोघांच्या मध्ये धरली. दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.

ऊन अजून आले नव्हते. डोंगरावर ढग तसेच बसले होते, त्यामुळे शेंड्याला ऊन लागले की नाही हे एर्मिलाच्या मते कोणालाच सांगता येत नव्हते, आणि जोवर सांगता येत नाही तोवर वेळ टळलेली नाही. तिचा निवाडा कोणी खोडला नाही.

फिदेन्सियो गाडीपाशी गेला. ओब्दुलियाला कुऱ्हाडीचा दांडा गाडीच्या मागच्या फळीतून वर आलेला इथूनच दिसत होता. तिने बाकाची कड धरली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. कुऱ्हाड गाडीतच राहिली होती.

तो झाडासमोर उभा राहिला, जिथे तो दर वर्षी उभा राहत असे. मग त्याने कोयता फिरवला आणि मूठ पुढे करून क्रिसांतोला दिला.

"तुम्ही विचारा," तो म्हणाला.

क्रिसांतोने कोयता घेतला. त्याने आयुष्यात कधी या जागेवरून झाडाकडे पाहिले नव्हते. इथून ते बरेच मोठे दिसत होते. त्याने घसा साफ केला. शब्द पाठ होते, पण दुसऱ्याच्या तोंडचे होते, त्यामुळे ते आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

"पाडू का याला?"

फिदेन्सियोने उघड्या पडलेल्या बुंध्याकडे पाहिले, खडूच्या दोन रेघांकडे, आजोबांनी बांधलेल्या त्या कड्याकडे. मग आपल्या पहिल्या ओळीकडे. मग बहिणीकडे, जी त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होती.

"नको," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी फळ देईल. मी जामीन."

"दोन पोती," क्रिसांतोने आठवण करून दिली.

"तुमच्या पोत्यांत वर बरी आणि खाली बारकी असायची. माझ्यात तसं नसेल."

क्रिसांतोने कोयता उलटा धरला आणि यारेलीकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने कोयता खाली ठेवला आणि बुंध्यावर, जिवंत बाजूला, उघड्या तळहाताने तीनदा थोपटले. आवाज फारसा झाला नाही.

आता बायकांचे काम होते. एर्मिलाने मातीच्या बादलीकडे पाहिले, पण ती कोणीच उचलली नाही. ओब्दुलिया रिकाम्या हातांनी झाडापाशी गेली आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून तशीच उभी राहिली.

"आत्या, शब्द चालतील," यारेली म्हणाली. "शब्दांनी सांधा कुजत नाही."

ओब्दुलिया वाकली. गुडघ्यांनी कुरकुर केली. तिने कड्याच्या वर, खरवडलेल्या सालीच्या शेजारी बोट ठेवले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण कुठं दुखतंय ते सांगायचं तरी. इतकी वर्षं गप्प कशाला राहायचं?"

हे ती झाडाला म्हणत होती. तरी तिच्या मागे उभे असलेले दोन म्हातारे एकाच वेळी आपापल्या बुटांकडे बघू लागले.

मग यारेलीने मोरचूद आणि चुना कालवला, ओब्दुलियाने ब्रश मागून घेतला, आणि पेस्ट तिनेच लावली, कडेपासून कडेपर्यंत, एकही जागा न सोडता. बुंधा आकाशी निळा झाला. मातीची बादली एर्मिलाने उचलून मिरच्यांच्या कुंड्यांत रिकामी केली. टेप पिशवीत टाकताना ती नणंदेला सहज म्हणाली, की पडदे इथल्या खिडकीलाही बसतील, माप तिने मघाशी घेतले आहे.

तामालेस निवत आले होते. ओट्याकडे जाताना फिदेन्सियो सुरी क्रिसांतोच्या खिशात घालू बघत होता, क्रिसांतो ती काढून त्याच्या हातात देत होता. तुमच्याकडेच शोभेल, असे एक म्हणत होता. माझ्याकडे ठेवली तर पुन्हा मलाच चोर म्हणशील, असे दुसरा म्हणत होता. बाकापर्यंत पोचेतो दोघांचे आवाज चांगलेच चढले, आणि शेजारच्या बागेतला माणूस कुंपणापाशी येऊन उभा राहिला, इतक्या वर्षांनी मोंतिएलांकडे भांडण कोणाचे चालले आहे ते बघायला.